वाचक विचारतात : न पिणाऱ्यांनी ऑक्टोबरफेस्टला जावं का?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा-सून म्युनिकला असतात. सप्टेंबरअखेर आम्ही दोघं तिकडे जातोय आणि मुलाने ऑक्टोबरफेस्टचा, म्हणजे तिथल्या बिअरच्या जत्रेचा, बेत आखलाय. आम्ही दोघंही घेत नाही, आणि हे तर अंडंसुद्धा खात नाहीत. बरोबर चार वर्षांचा नातू. पिऊन झिंगलेल्या लोकांत आम्ही काय करायचं? साडी चालेल का?
— एक आजी, सांगली

उत्तर : खुशाल जा. फक्त शनिवार टाळा आणि संध्याकाळ टाळा. मंगळवारी सकाळीच निघायचं असं मुलाला सांगून ठेवा. मंगळवार तिथे कुटुंबांचा असतो, पाळण्यांचे दर उतरलेले असतात. शनिवारी बाबागाडी आत सोडतच नाहीत, एरवी संध्याकाळी सहापर्यंत चालते. सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री आठनंतर बिअरच्या तंबूत थांबता येत नाही, आईबाप सोबत असले तरीही. तोवर तुम्ही घरी पोचलेल्या बऱ्या.

झिंगलेले लोक दिसतील, नाही असं नाही. मैदानाकाठी बव्हेरिया नावाचा भव्य पुतळा आहे, त्याच्याजवळच्या हिरव्या उतारावर दुपारनंतर आडवे झालेले असतात, तिकडे फिरकू नका. पण मी म्युनिकमध्ये संसार केलाय, म्हणून सांगते, तिथल्या माणसांसाठी ही आधी जत्रा आहे, बिअर नंतर. आमच्या शेजारच्या आजी ऐंशी ओलांडल्यावरही बहिणीबरोबर भर दुपारी जायच्या, ठेवणीतला डर्नडल म्हणजे तिथला पारंपरिक झगा घालून. एक लिटरचा एकच मग दोघींत घ्यायच्या, बँड ऐकायच्या आणि चारच्या ट्रामने परत. संध्याकाळी सहापर्यंत तंबूंमध्ये बँडचा आवाज मर्यादेत ठेवावा लागतो, त्यामुळे तोवर शेजारच्याशी बोलता येतं.

नातवाला क्रिनोलिनमध्ये बसवा. हे जुनं डुलतं चक्र आहे आणि त्याच्याबरोबर खरा बँड वाजतो. टोबोगनपाशी तर तिकीट न काढताच थांबा. सरकत्या पट्ट्यावरून वर चढताना भलेभले धडपडतात, आणि ते बघायला खाली ही गर्दी! मैदानाच्या दक्षिण टोकाला बहुतेक वर्षी ‘ओइडे वीझन’ म्हणजे जुनी जत्रा भरते. 2010 साली, उत्सवाला दोनशे वर्षं झाली तेव्हा ती सुरू झाली. मुख्य मैदानात प्रवेश फुकट, इथे थोडंसं तिकीट आहे. पण जुने पाळणे, लोकनृत्य आणि बरीच शांतता. माझं मत विचाराल तर तुमचा निम्मा वेळ इथेच जावा.

आता तुमच्या यजमानांचं जेवण. इथे जरा जपून. श्पेट्झ्ले म्हणजे छोट्या शेवया, चीज घालूनही मिळतात, पण त्यांच्या पिठात अंडं असतं. पावाच्या गोळ्यांतही, कायझरश्मार्न या गोड धिरड्याच्या तुकड्यांतही. बटाट्याचं सॅलड निर्धास्त वाटतं, पण बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या प्रांतात, ते बहुधा मांस उकळलेल्या पाण्यात कालवतात. ओबात्झ्डा या चीजच्या चटणीत पुष्कळदा बिअरचा शिपका असतो. मग उरलं काय? हाताएवढा मोठा ब्रेत्झेल, मीठ लावून गोल गोल कापलेला पांढरा मुळा, भाजलेलं कणीस आणि साखरेत घोळवलेले गरम बदाम. प्यायला सफरचंदाच्या रसात सोडा घालून मिळतो. लिंबू-सरबत मागवलंत तरी कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

साडी जरूर नेसा, पण चापूनचोपून. बाकं अरुंद असतात. शाल घ्या, सूर्य कलला की गारठतं. पर्स लहान हवी. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही.

प्रश्न : आम्ही तिघं बर्लिनमध्ये शिकतो. टेबल आरक्षित केलेलं नाही. जागा मिळेल? खर्च किती?
— मूळ नाशिकचा एक विद्यार्थी

उत्तर : आठवड्यातल्या दिवशी दुपारी मिळते. प्रत्येक मोठ्या तंबूत काही भाग आरक्षणाविना ठेवलेला असतो. जिथे तीन जण मावतील तिथे ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ (इथे जागा आहे का?) असं विचारायचं आणि टेकायचं. उभ्याउभ्या बिअर देत नाहीत. इंटरनेटवर अवाच्या सवा दराने टेबल विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. तंबूवाल्यांकडे थेट आरक्षण केलं तर टेबलाचं भाडं नसतं, जेवणाची-बिअरची कुपनं आगाऊ घ्यावी लागतात.

2025 साली एका मगाचे 14.50 ते 15.80 युरो पडत होते, वर बक्षिशी. एकाच वेळी दहा मग छातीशी धरून गर्दीतून वाट काढणाऱ्या बाईला ती खुशीने द्या. ही बिअर सहा टक्क्यांच्या आसपास, नेहमीपेक्षा कडक. आपण प्यायलेलं एक लिटर आहे हे विसरायला होतं. सहाच भट्ट्यांची बिअर तिथे मिळते, सगळ्या म्युनिकच्याच. मला विचाराल तर ऑगस्टिनर, ती अजून लाकडी पिंपातून येते.

बाकावर उभं राहून नाचलात तर चालतं, टेबलावर चढलात तर बाहेर काढतात. बिअरचा मग पिशवीत घालून आणण्याची कल्पना सुचलीच तर सोडून द्या. दारावर झडती होते आणि तो चोरीचा गुन्हा धरतात. दुकानांत तसेच मग विकत मिळतात.

प्रश्न : नाव ऑक्टोबरफेस्ट, मग सुरू सप्टेंबरात का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : थंडीमुळे. पहिला सोहळा 1810 च्या ऑक्टोबरात झाला, युवराज लुडविग आणि थेरेझं यांच्या लग्नानिमित्त. तेव्हा घोड्यांची शर्यत झाली होती. पुढे उघड्यावर बसायला ऊब हवी म्हणून तारखा अलीकडे आणल्या. आता सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी दुपारी बाराला महापौर पहिल्या पिंपात तोटी ठोकतात. किती घावांत बसली, हे सगळं शहर मोजतं.