विहिरीत 'गाय' साचते तेव्हा

सांगलीहून बदली होऊन अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहायला गेलेल्या ताईंनी विचारलंय. एप्रिलमध्ये एका सकाळी शेजारचे आजोबा त्यांना म्हणाले, "विहीरमा गाय साचना, आज काढना शे." ताईंना ऐकू आलं ते 'विहीर', 'गाय' आणि 'काढ' एवढंच. घरातला नायलॉनचा दोर घेऊन त्या धावत मळ्यात गेल्या. तिथे यारी सुरू होती, चिखलाने भरलेली बादली वर येत होती आणि गाय गोठ्यात निवांत रवंथ करत होती. सगळे पोट धरून हसले, ताईही हसल्या. त्यांचा प्रश्न असा: गाळाला इकडे गाय म्हणतात का? की आजोबांना 'ळ' म्हणताच येत नाही?

ताई, शब्द गाळच आहे. इकडच्या अहिराणी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, आणि तो अगदी नेमाने होतो. डोळा म्हणजे डोया, आभाळ म्हणजे आभाय, केळी म्हणजे केयी. धुळ्याचं धुये होतं, जळगावचं जयगाव. पूर्व खानदेशातल्या लेवा बोलीत आणि पुढे वऱ्हाडातही हेच ऐकाल. बहिणाबाई चौधरींनी मनाला 'वढाय' म्हटलं, तो शब्द पुष्कळांना वेगळाच काही वाटतो. तो आपला ओढाळच. दावं तोडून दुसऱ्याच्या पिकात शिरणारं ओढाळ ढोर असतं ना, त्यातला.

'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. ते वळण सैल पडलं, जीभ टाळूला न टेकता नुसती उचलली गेली की 'य'च्या जवळचा आवाज येतो. ठाण्या-रायगडकडच्या आगरीत तीच जीभ पुढे सरकते आणि 'ल' होतो, तिथे डोळ्याचा डोला होतो. दोन्हीकडे मूळ आवाज एकच, वाट तेवढी निराळी. खानदेशात 'ल' मात्र 'ल'च राहतो. गालाला कुणी गाय म्हणणार नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात गाळ आणि गाल यांची कप्पेबंदी पक्की आहे. याला 'जीभ वळत नाही' म्हणणं मला मुळीच पटत नाही.

गोंधळ होतो तो 'य'चा शब्द आधीच हजर असेल तिथे. काळा आणि काया, माळ आणि माय, गाळ आणि गाय. मग घरच्या माणसाला कसं कळतं? मला या प्रश्नातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच दिसते. आजोबांचं वाक्य पुन्हा वाचा: 'साचना', 'काढना'. हे पुल्लिंग आहे, साचला आणि काढायचा. खरोखरची गाय पडली असती तर ते 'गाय पडनी, काढनी शे' म्हणाले असते. तो एक 'ना' ऐकला की अहिराणी कानाला गाळ दिसतो. सांगलीच्या कानाला तो 'आहे ना'मधला 'ना' वाटला, यात ताईंची काही चूक नाही.

उलट बाजूने होणारी फसगत मात्र मला अजून सलते. आमच्या वर्गात एका मुलीने निबंधात 'दुधावर जाड साळ आली' असं लिहिलं होतं. घरातला 'य' शाळेत 'ळ' करायचा असतो एवढं तिने स्वतःच हेरलं होतं, आणि तोच नियम सायीलाही लावला. सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. नंतर कितीतरी दिवस ती वर्गात तोंड उघडत नव्हती. चुकीमागे केवढा विचार होता, हे तिला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि ताई, तुमच्याकडे बैलांचा बेंदूर आषाढात होतो. इकडे आजोबा श्रावण अमावास्येला म्हणतील, "पोया शे, जेवाले या." पोहे समजून सकाळी आठला जाऊ नका. तो पोळा. दुपारी उपाशीपोटी जा, खापरावरची पुरणाची पोयी ताटभर मोठी असते.