वाचकांचे प्रश्न : ईमेलमधले बटण सर्वांना दिसावे म्हणून

प्रश्न : पुण्यात आमची लहान प्रकाशनसंस्था आहे. नव्या पुस्तकांच्या प्रकाशनपूर्व सवलतीची माहिती आम्ही नोंदणीकृत वाचकांना ईमेलने कळवतो. त्यात ‘येथे क्लिक करा’ असे लिहिलेले भगवे बटण असते. ते आमच्या मुखपृष्ठकाराने चित्र म्हणून करून दिले आहे. मोबाइलवर ते उत्तम दिसते; परंतु कचेरीतल्या संगणकावर ईमेल वाचणारे कित्येक जण फोन करून विचारतात, की प्रत नोंदवायची कुठे? काय करावे?

उत्तर : बटण हे चित्र आहे, हेच आपल्या अडचणीचे मूळ आहे. विंडोजवरील आउटलुक, जे अनेक कचेऱ्यांत वापरले जाते, बाहेरून येणारी चित्रे वाचकाने परवानगी दिल्याशिवाय सहसा उतरवून घेत नाही. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आपोआप दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे जीमेलवर तपासून पाहणाऱ्याला ही त्रुटी कधी जाणवतच नाही. आउटलुकमध्ये मात्र बटणाच्या जागी रिकामी चौकट उरते, आणि चित्राला पर्यायी मजकूर (चित्र न दिसल्यास त्याच्या जागी दिसणारे शब्द) जोडलेला नसेल तर त्या चौकटीत काय होते, हे वाचकाला समजण्याचा मार्गच राहत नाही.

म्हणून बटणावरची अक्षरे ही खरी, टंकलिखित अक्षरे असावीत आणि त्यांच्यामागचा रंग हा चित्राचा नव्हे, तर एचटीएमएलमधल्या (ईमेलची मांडणी ज्या भाषेत लिहितात, त्यातल्या) पार्श्वभूमीचा रंग असावा. एवढे केले तरी आउटलुकचा दुसरा अडसर उरतो. २००७ सालच्या आवृत्तीपासून विंडोजवरचे आउटलुक ईमेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररऐवजी वर्डचे इंजिन, म्हणजे मजकूर पडद्यावर मांडणारा भाग, वापरू लागले. नवे आउटलुक वेबवर आधारलेले असल्यामुळे त्याला हा दोष नाही, पण जुने अद्याप असंख्य संगणकांवर चालू आहे. वर्डच्या इंजिनाला दुव्याभोवतीचे पॅडिंग (अक्षरे आणि कड यांमधली मोकळी जागा) समजत नाही आणि गोल कोपरेही समजत नाहीत. परिणामी संकेतस्थळावरचे देखणे बटण जसेच्या तसे उचलून ईमेलमध्ये ठेवले, तर अक्षरांना चिकटलेली रंगाची एक बारीक पट्टी तेवढी दिसते.

टेबलातल्या सेलचे पॅडिंग आणि सेलचा पार्श्वरंग मात्र वर्डला नीट समजतात. यावरूनच भरवशाची रीत ठरते. बटणासाठी एकाच सेलचे छोटे टेबल करावे आणि भरीव रंग सेलला द्यावा. दुव्याला ‘इनलाइन-ब्लॉक’ (ओळीतच राहणारी, पण स्वतःची चौकट असलेली मांडणी) करून पॅडिंग त्याच्यावर ठेवावे, म्हणजे मोबाइलवर बोट बटणाच्या कडेला पडले तरी दुवा उघडतो. तेवढेच पॅडिंग सेलवर ‘एमएसओ-पॅडिंग-ऑल्ट’ या नावाने पुन्हा लिहावे. ते फक्त आउटलुक वाचते. आउटलुकमध्ये कोपरे चौकोनी राहतील आणि माउस नेमका अक्षरांवर न्यावा लागेल. माझ्या मते ही तडजोड खुशाल स्वीकारावी. व्हीएमएल ही मायक्रोसॉफ्टची आकृत्या काढण्याची जुनी भाषा वापरून आउटलुकमध्येही गोल कोपऱ्यांचे, सबंध दाबता येणारे बटण करता येते हे खरे. पण त्यात रुंदी पिक्सेलमध्ये बांधून द्यावी लागते आणि दुवा दोन ठिकाणी लिहावा लागतो. पुढच्या पुस्तकाच्या वेळी घाईत एकच दुवा बदलला जातो, आणि आउटलुकचे वाचक मागच्याच पुस्तकाच्या पानावर पोहोचतात. ज्या संस्थेत हे काम दोन-तीन माणसे इतर कामे सांभाळून करतात, तिथे हा धोका पत्करू नये.

आता रंगाविषयी. नेहमीच्या भगव्यावर पांढरी अक्षरे असतील, तर दोहोंतील उजेडाच्या फरकाचे गुणोत्तर जेमतेम २.१ भरते. वेबच्या सुगम्यतेचे प्रचलित निकष साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ मागतात. उन्हात मोबाइल पाहणाऱ्याला किंवा मोतीबिंदू असलेल्या ज्येष्ठ वाचकाला आपले बटण वाचता येत नसणार. भगवा सोडवत नसेल तर त्यावर काळी अक्षरे घ्यावीत. अन्यथा गडद तपकिरी-लाल घेऊन पांढरी अक्षरे ठेवावीत. उंची ४४ ते ४८ पिक्सेल असावी. ॲपल आणि अँड्रॉइड या दोघांच्याही मार्गदर्शक सूचना याच आसपासच्या आहेत.

‘येथे क्लिक करा’ हे शब्दही बदलावेत. दृष्टिहीन वाचक स्क्रीन-रीडरने पुष्कळदा नुसत्या दुव्यांची यादी ऐकतात, आणि त्या यादीत या तीन शब्दांना काहीच अर्थ उरत नाही. ‘सवलतीत प्रत नोंदवा’ असे लिहिले, की दाबल्यावर काय होणार ते आधीच कळते. ईमेलच्या साध्या मजकुराच्या आवृत्तीतही तो दुवा पूर्ण लिहिलेला असावा. शिवाय बटण फार खाली ठेवू नये. ईमेलचा कोड सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढे गेला, की जीमेल उरलेला भाग कापून लपवते. वर्डमधून मजकूर थेट चिकटवला असेल तर अनावश्यक कोडची भर पडून ही मर्यादा लवकर गाठली जाते.

प्रश्न : आम्ही बटणावर मराठी अक्षरे टाकतो, पण काहींना मात्रा-वेलांट्या वरून कापलेल्या दिसतात आणि काहींना तर नुसती अगम्य रोमन अक्षरे दिसतात. असे का होते?

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. रोमन अक्षरे दिसतात, कारण मजकूर डीटीपीच्या जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांवर सारखाच वाचला जाणारा अक्षरसंकेत) नसलेल्या फॉन्टमधून उचललेला आहे. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय ईमेलमध्ये वापरूच नये. मात्रा कापल्या जातात, कारण ओळीची उंची रोमन लिपीच्या हिशेबाने ठरवलेली असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी आणि खाली उकार-ऋकारासाठी जागा लागते. म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावी आणि बटणाला बांधलेली उंची न देता पॅडिंगनेच ते उंच करावे. इंग्रजी नमुन्यांमध्ये अक्षरांतले अंतर वाढवलेले असते; ते मराठीसाठी शून्यावर आणावे, नाही तर शिरोरेषा तुटते. जीमेल वेबफॉन्ट (ईमेलसोबत इंटरनेटवरून मागवला जाणारा फॉन्ट) उतरवून घेत नाही, त्यामुळे खास फॉन्टचा आग्रह सोडावा. विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी आणि अँड्रॉइडवर नोटो असे चांगले फॉन्ट मुळातच असतात.

प्रश्न : मी परदेशातल्या एका मराठी मंडळाचा चिटणीस आहे. आमच्या वार्तापत्राच्या तळाशी ‘यादीतून नाव काढा’ हे बटण आहे. काही सभासदांची नावे त्यांनी बटण न दाबताच यादीतून जातात, आणि ती सारी मंडळी कंपन्यांच्या वा विद्यापीठांच्या पत्त्यांवर ईमेल वाचणारी आहेत.

उत्तर : आपल्या सभासदांचे म्हणणे खरे मानावे. अशा संस्थांच्या मेल-सर्व्हरवरची सुरक्षा-प्रणाली ईमेल पोहोचताच त्यातले दुवे स्वतः उघडून तपासते. आपला दुवा नुसता उघडल्यानेच नाव कमी होत असेल, तर ते यंत्राच्या हातून कमी होते. दुव्याने एक पान उघडावे आणि नाव काढण्याची क्रिया त्या पानावरचे बटण माणसाने दाबल्यावरच घडावी. ‘कार्यक्रमाला येणार’ अशा होकाराच्या बटणांनाही हाच नियम लावावा, अन्यथा जेवणाच्या ताटांचा हिशेब चुकेल.

याच अडचणीवर तोडगा म्हणून २०१७ साली आरएफसी ८०५८ हे इंटरनेटचे तांत्रिक मानक आले. त्यात नाव काढण्याचा पत्ता ईमेलच्या शीर्षभागात दिला जातो आणि ईमेलचे ॲप स्वतंत्र ‘पोस्ट’ विनंती (पान नुसते मागवणारी नव्हे, तर सर्व्हरला माहिती पाठवणारी) पाठवून नाव काढते. केवळ दुवा उघडून ते घडत नाही. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांच्या जाहिरातपर ईमेलसाठी गूगलने २०२४ साली ही सोय आवश्यक केली. आपले मंडळ त्या आकड्याच्या जवळपासही नसेल, तरी वार्तापत्राच्या सेवेत ही सोय असल्यास ती सुरू करावी. गळालेली नावे मात्र परस्पर पुन्हा यादीत घालू नयेत, कारण त्यांतल्या काहींनी खरोखरच निरोप घेतलेला असू शकतो. प्रत्येकाला वैयक्तिक पत्र लिहून विचारावे.