गूगलवर सगळीकडे व्हिडिओच दिसतात, मग पाककृती लिहिणं सोडून द्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: गोव्यात पेडण्याला घरगुती मसाले, सोलां (म्हणजे आमसुलं), तिरफळं विकायचं छोटं दुकान आहे. दुकानाच्या वेबसाइटवर तुम्ही मराठीतून पाककृती लिहिता. आधी कुणी ‘खतखते’ (बऱ्याच भाज्यांचा, तिरफळं घातलेला आपला गोव्याचा पदार्थ) शोधलं की तुमचं पान वर यायचं, आता त्या जागी व्हिडिओच व्हिडिओ. तर लिहिणं थांबवून व्हिडिओच काढावेत का?

लिहिणं थांबवू नका. व्हिडिओ मात्र काढायला लागा, आणि त्यात शब्द भरपूर असू द्या. मी फोंड्यात राहते आणि बरीच वर्षं लहान दुकानदारांच्या, खानावळींच्या वेबसाइट सांभाळते आहे. त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न मला दर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर कुणीतरी विचारतंच.

व्हिडिओला वरची जागा का मिळाली, ते मला पातोळ्यांमुळे कळलं. मी एका पानावर लिहिलं होतं, “तांदूळ भिजवून वाटलेलं पीठ हळदीच्या पानावर पातळ पसरावं.” माझ्या मते वाक्य स्वच्छ होतं. पण लोक विचारत राहिले की पातळ म्हणजे किती? कुणाचं पीठ जाड राहून कच्चं लागायचं, कुणाचं इतकं विरळ व्हायचं की चून, म्हणजे आतलं गूळ-खोबरं, बाहेर यायचं. मग एका नागपंचमीला काकींच्या हातावर फोन धरून चित्रण केलं. त्यांनी चार बोटं पाण्यात बुडवली, पानाच्या मधल्या शिरेपासून कडेकडे पीठ ओढत नेलं आणि पान उजेडाकडे धरलं. पिठातून हिरव्या शिरा अंधुक दिसत होत्या. “दिसल्या ना शिरा? बस, आता गूळ-खोबरं घाल,” एवढंच त्या बोलल्या. वीसेक सेकंदांचं काम. त्यानंतर ‘पातळ म्हणजे किती’ हा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

हाताने करायची गोष्ट शोधणाऱ्या माणसाला हात बघायचा असतो. सर्च इंजिनला हे फार आधी उमगलं. गूगलने ऑक्टोबर २००६ मध्ये यूट्यूब १.६५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं आणि मे २००७ मध्ये ‘युनिव्हर्सल सर्च’ आणलं. तोवर व्हिडिओ, बातम्या, चित्रं वेगवेगळ्या कप्प्यांत शोधावी लागत. त्यानंतर सगळं एकाच यादीत मिसळून येऊ लागलं. आपल्याकडे त्याचा खरा परिणाम दिसला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. पुढच्याच वर्षी गूगलवर मराठीत बोलून शोधायची सोय झाली. ज्यांना देवनागरी टाइप करायचा कंटाळा यायचा ते आता फोनला तोंडी विचारतात आणि समोर आलेला व्हिडिओ लावतात. तरुण मुलं तर गूगलकडे येतीलच असं नाही. प्रभाकर राघवन हे गूगलचे मोठे अधिकारी २०२२ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते, की जेवायला कुठे जायचं हे ठरवताना जवळजवळ ४० टक्के तरुण टिकटॉक किंवा इन्स्टाग्राम उघडतात. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली, तेव्हा इथे ती सगळी वर्दळ इन्स्टाग्रामकडे आणि यूट्यूबच्या शॉर्ट्सकडे गेली.

आता तुमच्या कामाचं. व्हिडिओ शोधात वर येतो, पण तो सापडायला अजूनही शब्दच लागतात. गूगल व्हिडिओतली चित्रं आणि आवाज थोडाफार ओळखतं, तरी त्याचा भरवसा मुख्यतः शीर्षक, खालचं वर्णन, बोललेल्या वाक्यांचा मजकूर (सबटायटल) आणि व्हिडिओ ज्या पानावर आहे तिथलं लेखन यांवर असतो. आणि नेमकी इथेच आपली गोव्याची माणसं कमी पडतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगते.

ओळखीच्या एका घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट, दरवर्षी बघण्यासारखी असते. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, चिबूड हे तर असतंच, शिवाय घरातले आजोबा रानात फिरून कांगलां, घागऱ्या आणि मला नावंसुद्धा माहीत नसलेली कितीतरी फळं आणतात. त्यांच्या नातवाने पूर्ण माटोळीचा सुंदर व्हिडिओ काढला. मागे आरती लावली, शीर्षक दिलं ‘आमचा बाप्पा’, वर्णन कोरं. आजोबा एकेका फळाकडे बोट दाखवून नाव सांगत होते, तो आवाज काढून त्याजागी आरती टाकलेली. आता घागऱ्या कशा दिसतात, माटोळीला कुठलं रानफळ कुठे बांधतात, असं शोधणाऱ्याला तो व्हिडिओ सापडणार कसा? त्यात ते नाव कुठेच नाही. पुढच्या वर्षी मी त्या मुलाला सांगितलं की आरती नको लावूस, आजोबांना बोलू दे. आणि त्यांनी सांगितलेली सगळी नावं वर्णनात लिहून काढ. त्याने लिहिली, चाळीसच्या वर निघाली. तेव्हापासून चवथीच्या आधी लोक त्यातली नावं शोधत तिथे पोचतात.

तुमच्या खतखत्याचंही हेच करा. भाजी घालताना तोंडाने नाव घ्या. तिरफळं घालताना ‘आता तिरफळं’ म्हणा, आणि ती आधी ठेचून का घ्यायची तेही सांगा. यूट्यूब आपोआप जो मजकूर तयार करतं त्यावर विसंबू नका, आपल्या पदार्थांची नावं त्यात हमखास बिघडतात. स्वतः ऐकून मराठीत मजकूर लिहा आणि व्हिडिओला जोडा. पाच मिनिटांच्या व्हिडिओला तासभर लागतो, पण तो तास वाया जात नाही.

नावाचा आणखी एक घोळ खास आपल्या गोव्याचा. मराठीत आपण पातोळ्या म्हणतो, कोकणीत देवनागरीत पातोळ्यो, आणि आपले ख्रिस्ती शेजारी माता मेरीच्या पंधरा ऑगस्टच्या सणाला तोच पदार्थ करतात तेव्हा त्याचं नाव रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि त्याच लिपीत शोधतात. तिरफळाला कुणी तेफळ म्हणतं. मुंबई-पुण्याचा माणूस सोलांना आमसुलं किंवा कोकम म्हणून शोधतो. शीर्षकात तुमचं रोजचं नाव ठेवा आणि बाकीची वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळींत साध्या वाक्यात येऊ द्या. नावांची नुसती माळ लावू नका, वाचणाऱ्याला ती खटकते आणि उपयोगही होत नाही.

व्हिडिओचे भागही पाडा. वर्णनात वेळ आणि त्यापुढे भागाचं नाव लिहायचं. पहिली नोंद ०:०० ची हवी, निदान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. २०१९ पासून गूगल असे भाग शोधातच दाखवू शकतं, म्हणजे ‘तिरफळं कधी घालायची’ विचारणारा थेट त्या क्षणावर उतरू शकतो. भागांना ‘स्टेप १’, ‘स्टेप २’ नावं देऊ नका. ‘तिरफळं ठेचून घालणे’ असं लिहा, माणूस शोधतोही तेच.

आता एक चूक, जी मी केली आणि तुम्ही टाळावी. मी जुन्या लांब लेखांच्या तळाशी व्हिडिओ चिकटवत असे. काही वर्षं शोधात त्या पानांशेजारी व्हिडिओचं छोटं चित्र दिसायचं आणि त्यामुळे लोक यायचे. २०२३ मध्ये गूगलने नियम बदलला: व्हिडिओ हा पानाचा मुख्य मजकूर असेल तरच ते चित्र दिसणार. माझी चित्रं गेली आणि मी कितीतरी दिवस वेबसाइटमध्ये बिघाड शोधत बसले. शेवटी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली वेबसाइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, सरळ लिहिलेलं सापडलं की व्हिडिओ पानाचा मुख्य भाग नाही. माझ्या मते नियम योग्य आहे, वाचायला आलेल्याला व्हिडिओच्या चित्राने फसवू नये. आता मी खास व्हिडिओसाठी वेगळं पान करते. वर व्हिडिओ, खाली दोन परिच्छेद आणि लेखाचा दुवा. लेखावरून उलट इकडे दुवा. तुमची वेबसाइट जो बघतो त्याला सांगा, की त्या पानात व्हिडिओचं नाव, वर्णन, चित्राचा पत्ता आणि अपलोडची तारीख यंत्राला वाचता येईल अशी भरायची. त्याला ‘व्हिडिओ-ऑब्जेक्ट’ म्हणा, कळेल.

इतकं करूनही एक गोष्ट मनाशी पक्की धरा. व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात तर शोधात बहुतेक वेळा यूट्यूबचंच पान वर येईल, तुमचं नाही. माणूस तिथे बघेल, ‘छान’ म्हणेल आणि पुढचा व्हिडिओ लावेल. तुमची सोलां विकली जायला तो दुकानापर्यंत यायला हवा. म्हणून वर्णनाच्या पहिल्याच ओळीत दुकानाचं पान द्या, आणि व्हिडिओत बोलताना ‘प्रमाण आमच्या वेबसाइटवर लिहिलंय’ असं सांगा. लोक प्रमाणासाठी खरंच येतात, कारण स्वयंपाक करताना ओल्या हातांनी व्हिडिओ मागे-पुढे करणं कुणालाच जमत नाही. तुमच्या लेखनाची जागा इथे आहे. शॉर्ट्सच्या वर्णनातले दुवे मात्र ऑगस्ट २०२३ पासून दाबून उघडत नाहीत, तेव्हा तिथे दुकानाचं नाव तोंडी घ्या आणि मूळ लांब व्हिडिओ जोडा.

सगळ्याच पानांना व्हिडिओ लागत नाही. ‘सोलां किलोचा भाव’, ‘पेडणे मसाले दुकान’, ‘पार्सल पाठवता का’ हे विचारणाऱ्याला व्हिडिओ नको असतो. तिथे नकाशावरची तुमची नोंद, वेळ, फोन आणि भाव अचूक असले की पुरे. छोट्या प्रश्नांची उत्तरं तर आता यादीच्याही वर, एआयने केलेल्या सारांशात मिळू लागली आहेत. भारतात ते ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी-हिंदीतून सुरू झालं. ‘तिरफळं किती दिवस टिकतात’ अशा एका ओळीच्या प्रश्नावर पान लिहून तुम्हाला फार माणसं मिळतील असं मला वाटत नाही. खतखतं, पातोळ्या, खतखत्याच्या भाज्या कशा निवडायच्या, तिरफळाची बी काढून साल कशी ठेवायची, यावर वेळ घाला.

कॅमेरा विकत घेऊ नका. आहे तो फोन पुरतो. तो आडवा धरून टोपाच्या वर नीट टेकवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, एक्झॉस्ट आणि मिक्सर बंद ठेवा म्हणजे आवाज स्वच्छ येईल. चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू, हात दिसले की झालं. आणि चवथीचा व्हिडिओ चवथीच्या आदल्या दिवशी टाकू नका. गूगलला तो वाचून यादीत घ्यायला वेळ लागतो, आणि लोक सामान आणायच्या आधीपासून शोधत असतात. मी महिनाभर आधी टाकते. त्यासाठी आदल्या वर्षीच्या चवथीलाच चित्रण करून ठेवते, कारण हळदीची पानं आणि रानफळं महिनाभर आधी मनासारखी मिळतीलच असं नसतं.

सुरुवात एकाच पदार्थापासून करा, खतखत्यापासूनच. जुनं पान पुसू नका, त्याचा पत्ताही बदलू नका. त्यावर व्हिडिओच्या पानाचा दुवा द्या आणि तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये ‘वेब’ आणि ‘व्हिडिओ’ असे दोन्ही आकडे वेगवेगळे बघा. लोकांनी कुठले शब्द टाकून शोधलं ती यादीही तिथे मिळेल. पुढचा व्हिडिओ कशाचा करायचा ते तिच्यावरून ठरवा. अडलात तर याच उत्तराखाली लिहा, पानाचा दुवा दिलात तर मी स्वतः बघून सांगेन.