शेवटच्या काळाबद्दलच्या येशूच्या भविष्यवाण्या आधीच पूर्ण झाल्या आहेत का?

बऱ्याच झाल्या, सगळ्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

बायबलमधल्या मत्तय 24 मध्ये येशू म्हणतो की यरुशलेमच्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, आणि 34व्या वचनात हे याच पिढीत घडेल असंही सांगतो. इ.स. 70 मध्ये सेनापती तीताच्या रोमी सैन्यानं ते मंदिर उद्ध्वस्त केलं, म्हणजे साधारण 40 वर्षांतच. लूक 21:20 मध्ये तर नगराला सैन्याचा वेढा पडेल असं उघड लिहिलंय. हा सगळा भाग आजच्या युद्धांच्या बातम्यांना जोडणं मला ओढूनताणून वाटतं, आणि त्यानं साध्या विश्वासू माणसांच्या मनात उगाच भीती बसते.

पण काही जण म्हणतात की ख्रिस्ताचं पुनरागमन, मेलेल्यांचं पुनरुत्थान, न्याय, सारं तेव्हाच उरकलं. हे मला मान्य नाही. पुनरुत्थान होऊन गेलं असं शिकवणाऱ्या हुमनाय आणि फिलेत यांना 2 तीमथ्य 2:17-18 मध्ये थेट चुकीचं ठरवलंय. निकेयाच्या विश्वासांगीकारातही (ख्रिस्ती श्रद्धेचा प्राचीन जाहीरनामा) ख्रिस्त न्याय करायला पुन्हा येईल असंच आहे. आपल्या नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 1970 साली स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही तोच विश्वास धरतं.

बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, वाद मात्र खरोखर अवघड आहे. ते 70 सालाआधी, रोमी सम्राट नीरोच्या काळात लिहिलं असेल तर त्यातलं बरंचसं 70 सालाकडे बोट दाखवू शकतं. बहुतेक अभ्यासक मात्र ते नंतरच्या सम्राट दोमितियनच्या काळातलं, इ.स. 95 च्या सुमाराचं मानतात.