आर्मागजवळचं क्रीव्हरो: हे नाव आलं कुठून?

तुम्ही विचारलंय की उत्तर आयर्लंडच्या नकाशावर आर्माग शहराच्या पश्चिमेला क्रीव्हरो दिसतं, पण तिथे गाव सापडत नाही आणि शब्दही इंग्रजी वाटत नाही. दोन्ही खरं आहे. क्रीव्हरो हे टाउनलँड आहे. आपल्या सातबाऱ्यावरचं 'मौजे' आठवा: वस्ती असो वा नसो, हद्द ठरलेली जमीन. फक्त आकार लहान, सरासरी सव्वातीनशे एकर. आयर्लंड बेटावर अशी 60,000 हून जास्त आहेत.

नाव आयरिश आहे. 'क्रीव' म्हणजे फांदी किंवा डेरेदार झाड, 'रुआ' म्हणजे तांबूस. अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या, जुन्या कथांमध्ये राजा कॉनहोवरचे तीन वाडे येतात. त्यातल्या 'तांबड्या फांदी'च्या वाड्यात राजे बसत. दुसऱ्याचं नावही लालच, पण रक्ताच्या रंगाचं, आणि तिथे शत्रूंची मुंडकी ठेवत! झाडाला तिकडे फार मान होता. अँट्रिममधल्या क्रू हिलच्या नावातही हाच 'क्रीव' आहे. तिथल्या झाडाखाली अल्स्टरच्या राजांचा अभिषेक होई. 1099 मध्ये शत्रूंनी ते झाड तोडलं. 1111 मध्ये अल्स्टरवाल्यांनी त्यांच्या अभिषेकाच्या जागेवर, टुलाहोगवर, चालून जाऊन तिथली झाडं तोडून उट्टं काढलं.

आता शेजार बघा, कारण एकटं नाव वाचून फसायला होतं. लागूनच नॅव्हन हे प्राचीन टेकाड आहे. मूळ शब्द 'एव्हिन', म्हणजे कथेतली राजधानी एव्हिन माखा. आधीच्या 'अन'मधला (इंग्रजी 'द'सारखा आयरिश शब्द) न पुढे चिकटला आणि नॅव्हन झालं. आर्मागच्या नावातही तीच माखा, कथांमधली देवी: 'माखाची टेकडी'. जवळचं तळं लॉखनाशेड, म्हणजे मौल्यवान वस्तूंचं तळं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे खरोखरच काशाचे चार कर्णे निघाले.

नॅव्हनच्या टेकाडाखाली उत्खननात सुमारे 40 मीटर व्यासाची लाकडी वास्तू सापडली. मधल्या खांबाच्या वाढवलयांवरून तिचा काळ इ.स.पू. 95 च्या आसपास ठरला. बांधून झाल्यावर ती दगडांनी भरली, मुद्दाम पेटवली आणि वर मातीचा ढीग रचला. तिथेच, पण त्याआधीच्या थरात, उत्तर आफ्रिकेतल्या माकडाची कवटी मिळाली. म्हणून क्रीव्हरोत वाडा होता असं मात्र मी म्हणणार नाही. नावावरून वाडा सिद्ध होत नाही, लोकांनी कथा त्या जमिनीशी जोडली होती एवढंच कळतं.

दुसऱ्या टाउनलँडचा शोध घेणार असाल तर आजच्या स्पेलिंगवर विसंबू नका. ती बहुतेक 1830 च्या आसपासच्या ऑर्डनन्स सर्व्हेत, म्हणजे सरकारी नकाशा-मोजणीत, ठरली. त्या कामावरचा आयरिश भाषेचा अभ्यासक जॉन ओ'डोनोव्हन गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून उच्चार टिपून घेई, पण नकाशावर इंग्रजी वळणाचंच रूप चढलं. 'किल' दिसलं की चर्च असंही धरू नका. ते रानही असू शकतं. सतराव्या शतकातल्या नोंदी मिळवा आणि तिथले शेतकरी नाव कसं उच्चारतात ते ऐका.