जिमचं सोड, रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं ते विचार

बजाजनगर, नागपूर

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं होस्टेलचं माहितीपत्रक सावकाश वाचलं. हिंगणा रोडवरची नवीकोरी सहा मजली इमारत, खास विद्यार्थिनींसाठी बांधलेली, दोघींत एक खोली, जिम, वाय-फाय, दोन वेळचं जेवण आणि एका बेडचे महिन्याला साडेबारा हजार. आकडा ऐकून बाबांना घाम फुटला आणि फोटो पाहून आईला धीर आला, असं तू लिहितेस. दोघांचंही खरं आहे. मी मात्र मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून हयात घालवलेली बाई. माझी नजर फोटोंवरून घसरली आणि एकच गोष्ट शोधत राहिली: ही इमारत चालवतं कोण? रंगीत कागदावर ते कुठेच नाही.

पूर्वी धरमपेठेत, रामदासपेठेत बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मुली खोली करून राहायच्या. घरमालकीण खालीच. ती चौकशा फार करायची, पण नळ गळला तर जिन्यातून हाक मारली की भागत होतं. आता इमारत एकाची, ती भाडेपट्ट्याने घेऊन चालवणारी कंपनी दुसरी, मेस तिसऱ्याची, दारावरचा गार्ड चौथ्या एजन्सीचा. तू पैसे ॲपवर भरणार आणि तक्रारही ॲपवरच टाकणार. उद्या मालकाचं आणि कंपनीचं बिनसलं तर तुझ्या डिपॉझिटचं काय होईल, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचार: करारावर सही कोणाची, डिपॉझिट कोणाच्या खात्यात जातं, आणि कंपनीचा मालकाशी असलेला करार अजून किती वर्षं आहे? शेवटचा प्रश्न ऐकून काउंटरवरचा मुलगा गोंधळेल. गोंधळू दे. त्याला वरच्यांना विचारून यायला सांग.

नव्या इमारतींना मी नावं ठेवत नाही हं. मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या जागेत काही गोष्टी खरंच नीट असतात. प्रत्येकीला टेबल, पुरेसा उजेड, कपाटाला कुलूप, खोलीगणिक वेगळा मीटर. घराच्या गॅलरीला पत्रे ठोकून काढलेल्या खोलीत हे मिळत नाही. पण असल्या इमारतीत पैसे खोलीचे कमी आणि व्यवस्थेचे जास्त घेतात. मग व्यवस्थाच तपासून घ्यायला हवी.

आता हिशेब. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे १,३७,५०० रुपये. वर 'नोंदणी शुल्क' म्हणून पाच हजार, जे परत मिळत नाहीत. झाले १,४२,५००. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेनंतरचे दिवस वजा केले तर तू तिथे प्रत्यक्ष नऊ महिने राहशील. म्हणजे महिना पंधरा हजार आठशेच्या वर गेला, आणि त्यात वीज नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट, पंचवीस हजार, वेगळं अडकून पडणार. बिलात जीएसटी दाखवला तर तिथेच थांबव. जुलै २०२४ पासून माणशी महिना २० हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जीएसटीतून सूट आहे. तुझी ट्यूशन फी २०२४-२५ पासूनच्या मुलींसाठीच्या सवलतीत माफ होते आहे, तेव्हा पुढची चार वर्षं तुमच्या घरचा मोठा खर्च कॉलेजचा नसून राहण्याचा असणार. बाबांचा घाम उगीच नाही.

यातही सगळ्यांत जास्त मुली कुठे अडकतात सांगू? कॅप राऊंडमध्ये, म्हणजे कॉलेजच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांत. पहिल्या राऊंडला वानाडोंगरीचं कॉलेज लागलं की घाईघाईने हिंगणा रोडला बेड बुक होतो. पुढच्या राऊंडला बेटरमेंटमध्ये, म्हणजे पसंतीक्रमात वरचं म्हणून, काटोल रोडचं कॉलेज मिळतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग होस्टेलवाले लॉक-इनचं, म्हणजे मुदतीआधी सोडता येणार नाही असं, कलम दाखवतात. तुझे अजून राऊंड बाकी आहेत. 'सीट बदलली तर इतक्या दिवसांत इतके पैसे परत' हे वाक्य करारात किंवा निदान ईमेलवर लिहून घेतल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नको. 'चारच बेड उरलेत मॅडम' हे प्रत्येकाला सांगतात. मेमध्येही चारच असतात आणि ऑगस्टमध्येही चारच.

उन्हाळ्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण खोल्या बघायला सगळे पावसाळ्यात येतात आणि तेव्हा नागपूर फार गुणी शहर वाटतं. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा दर वर्षी जात नाही, पण पंचेचाळीस म्हटलं की इथे कोणी मानही वळवत नाही. आणि तुझ्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. सगळ्यांत वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो. पश्चिमेची भिंतही तशीच. बिछान्याच्या उशाकडची भिंत कोणत्या दिशेला आहे, एवढं बघायला होकायंत्र लागत नाही, मोबाईल पुरतो.

त्याहून मोठी गोम खिडकीत आहे. नव्या इमारतींना समोरून काच असते आणि बऱ्याच खिडक्या उघडतच नाहीत, नाहीतर वीतभर सरकतात. आपला कूलर खिडकीबाहेर बसतो, आणि त्याने आत ढकललेली हवा दुसरीकडून बाहेर निघायला लागते. वाट नसली की तासाभरात खोली कोंदट होते, चादर ओलसर लागते, वहीची पानं मऊ पडतात. म्हणजे तिथे कूलर निरुपयोगी, एसीच लागणार. साधा दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वा ते दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला तीनशे ते साडेतीनशे युनिट. होस्टेलचा दर युनिटला चौदा रुपये असला तर चार ते पाच हजार, दोघींत निम्मे. म्हणून युनिटचा दर आधी विचार, आणि चावी घेताच सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढून मॅनेजरलाही पाठव. कूलरची जागा असेल तर अर्थिंग आहे का, तेही विचार. लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. ही माझी रेक्टरगिरी समज, पण पाळ.

पावसाचंही एक आहे. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. नाग नदीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या काठची जागा असेल तर तळमजला नको. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचार, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

आता रात्रीचं. गेट नऊला बंद होतं याचा तुला राग आला आहे. मला येत नाही, पण माझा प्रश्न वेगळा आहे. वडशाहून येणारी एस.टी. वाटेत बंद पडली आणि तू गणेशपेठ स्टँडवर साडेअकराला उतरलीस, तर दार कोण उघडणार? गार्डला परवानगी आहे का, की तो 'मॅडमला विचारतो' म्हणून तुला रस्त्यावर उभी ठेवणार? आणि रात्री दोनला तुझ्या पोटात दुखायला लागलं तर गाडी कोणाची, सोबत बाई कोण? राहती रेक्टर आहे की दिवसा येऊन सहाला घरी जाणारी मॅनेजर? तिचं नाव आणि नंबर घे. मग घरी गेल्यावर एका रात्री अकराला सहज फोन लाव. उचलला तर चांगलंच आहे. नाही उचलला तर कसलं जिम आणि कसलं काय.

खोली बघून झाली की जिन्याने वर जा, लिफ्टने नको. दुसरा जिना आहे का, तिथे जुन्या गाद्या रचल्यात का, गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, बघ. खिडक्यांना पक्की जाळी असेल तर आतून उघडणारी एक तरी हवी. महाराष्ट्रात अशा इमारतींच्या अग्निशमन यंत्रणेची तपासणी परवानाधारक एजन्सीकडून करून घेऊन जानेवारीत आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो दाखवा म्हण. चांगले लोक लगेच काढून दाखवतात, कारण त्यांनाही तो दाखवायची हौस असते.

मेसची चव एका जेवणात कळत नाही. पाहुण्यांना त्या दिवशी पनीर वाढतातच. जेवणाची वेळ संपत आली की हात धुण्याच्या जागेजवळ उभी राहा आणि उष्ट्याच्या ड्रममध्ये डोकाव. एका बाजूने कच्च्या राहिलेल्या पोळ्या चतकोर तोडून टाकलेल्या दिसल्या, वरणाच्या वाट्या भरल्याच्या भरल्या ओतलेल्या दिसल्या, तर तुला कोणाला काही विचारावं लागणार नाही. भाताची चार शितं असतील तर मुली जेवतात. रविवारी रात्री मेस बंद असते का, तेही विचार. नागपुरात बहुतेक ठिकाणी असते, आणि मग महिन्यातली ती चार जेवणं तर्री-पोह्यावर नाहीतर बाहेरून मागवून निभावतात. पैसे तुझेच.

पत्रकात 'मेट्रोपासून पाच मिनिटं' लिहिलंय. लोकमान्य नगरला ॲक्वा लाइन संपते, वानाडोंगरीला पुढे ऑटो किंवा बसच. ती पाच मिनिटं तू स्वतः चालून बघ, तेही संध्याकाळी, एमआयडीसीची शिफ्ट सुटते तेव्हा. ट्रक, अंधार, फुटपाथ, सगळं एकदम दिसेल.

त्रिमूर्तीनगरला चौघींनी फ्लॅट भाड्याने घ्यायचा बेत मला पहिल्या वर्षासाठी पसंत नाही. स्वस्त पडतो हे कबूल. पण सिलिंडर, दूधवाला, सोसायटीची कटकट आणि 'भांडी कोण घासणार' यात पहिलं सेमिस्टर जातं. दुसऱ्या वर्षी, कोणाशी पटतं ते कळल्यावर, खुशाल घ्या. घ्याल तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं घरमालक म्हणतात. महाराष्ट्रात ते चालत नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी करून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली आहे. कॉलेजचं स्वतःचं होस्टेल जुनाट दिसतं म्हणून तू ते बाजूला सारलंस, त्याचा मात्र फॉर्म भरून ठेव. तिथे रंग उडालेला असेल, पण काही झालं तर प्राचार्यांच्या दारात जाऊन उभं राहता येतं.

तुझ्यासोबत येणाऱ्या मैत्रिणीला सांग, समाजकल्याणच्या वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही तर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजने'चा अर्ज करायचा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, नागपुरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. राहत असल्याचा कागद लागतो, तेव्हा पावती न देणाऱ्याकडे तिने राहू नये. पैसे उशिरा येतात, तोवरची सोय धरून चालावं.

शनिवारी आईला घेऊन ये. कॅपचं अलॉटमेंट लेटर, आधारच्या झेरॉक्स आणि मोजायला टेप आण. दोन पलंगांमध्ये टेबलाची खुर्ची मागे सरकते का, ते मोजल्याशिवाय फोटोत कळत नाही. दुपारी माझ्याकडे जेवा, आणि होस्टेलला संध्याकाळी जाऊ. त्यांना आधी कळवू नको.

तुझी,
रेक्टर काकू