सगळे सांगतात ताठ बस, पण बसायचं कसं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी २७ वर्षांची आहे, कांदिवलीला राहते आणि लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. सातवीत माझी उंची एकदम वाढली, वर्गात सगळ्यात उंच मीच, मुलं चिडवायची, तेव्हापासून पोक काढून चालायची जी सवय लागली ती लागलीच. आई अजूनही दिवसातून दहा वेळा "ताठ बस गं" म्हणते, मी बसते, दोन मिनिटांत परत जैसे थे. आता खरा त्रास ऑफिसात होतोय. मीटिंगमध्ये माझी बोलायची वेळ आली की खांदे आपोआप वर जातात, आवाज घशातच अडकतो, सर म्हणतात जरा मोठ्याने बोला, आणि मग मला अजूनच बारीक झाल्यासारखं वाटतं. एक मैत्रीण म्हणाली मीटिंगच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभी राहा, हार्मोन्स बदलतात आणि कॉन्फिडन्स येतो. हे खरं आहे का? आणि मी पाठीचा पट्टा घेऊ का?

उत्तर : अगं, आधी एक कर. आत्ता हे वाचताना जशी बसली आहेस तशीच राहा, सरळ होऊ नकोस. फक्त बघ. हनुवटी पुढे आलीये का, दात एकमेकांवर आवळलेत का, श्वास पोटापर्यंत जातोय की गळ्याशीच थांबतोय, पायाची बोटं चपलेत आखडलीत का. बघितलंस? बघता बघता काहीतरी थोडं सैल झालं असेल, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलींचं होतं. आपण इथूनच सुरुवात करणार आहोत.

"ताठ बस" म्हटलं की आपण काय करतो? छाती पुढे काढतो, कमरेत बाक आणतो, खांदे मागे खेचतो आणि श्वास धरून ठेवतो. म्हणजे आधीच्या ताणावर अजून एक ताण चढवला, तो कोण किती वेळ धरून ठेवणार, दोन मिनिटांत थकून परत खाली येणारच. त्यात तुझा आळशीपणा काहीच नाही, आईला हे जरूर वाचायला दे. पतंजलींच्या योगसूत्रात आसनाची व्याख्या "स्थिरसुखमासनम्" एवढीच आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात ते कसं साधतं तर प्रयत्नशैथिल्याने, म्हणजे जोर सैल सोडल्याने. आपण शाळेत पीटीच्या तासाला नेमकं उलटं शिकलो.

तुझ्या पत्रातली आवाजाची गोष्ट वाचून मला एफ. एम. अलेक्झांडरची आठवण झाली. हा १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला माणूस, स्टेजवर शेक्सपिअर म्हणायचा आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बसायचा. विश्रांती घेतली की बरं, स्टेजवर गेलं की परत तेच. मग तो आरशासमोर उभा राहून स्वतःला बघत बसला, एकदोन दिवस नाही, खूप काळ. तेव्हा त्याला दिसलं की बोलायला तोंड उघडायच्या आधीच तो डोकं मागे आणि खाली खेचतो, त्याने घसा दाबला जातो आणि श्वास ओढून घ्यावा लागतो. आणि पुढचं तर फार महत्त्वाचं आहे, त्याला वाटायचं मी आता डोकं पुढे घेतलंय आणि आरसा दाखवायचा की ते अजून मागेच आहे. म्हणजे आपल्याला आतून जे सरळ वाटतं ते सरळ असेलच असं नाही, जे सवयीचं आहे तेच सरळ वाटतं. वीस वर्षं डावीकडे टांगलेली पर्स एक दिवस उजवीकडे घे, लगेच कळेल. त्याच्या नावाने ही पद्धत पुढे शिकवली जाऊ लागली आणि २००८ मध्ये ब्रिटनमध्ये जुनाट पाठदुखीच्या ५७९ लोकांवर तिची चाचणी झाली, ज्यांनी २४ धडे घेतले त्यांचे दुखण्याचे दिवस एका वर्षानंतरही बरेच कमी होते.

तुला आरसा कशाला, मोबाईल आहे. टेबलावर टेकवून ठेव आणि मीटिंगमध्ये बोलायची चार वाक्यं बोल, नंतर आवाज बंद करून फक्त पहिला सेकंद बघ. तोंड उघडायच्या आधी तू काय करतेस? खांदे, मान, भुवया? तिथेच तुझी किल्ली आहे. मग परत रेकॉर्ड कर आणि या वेळी बोलायच्या आधी एक क्षण थांब, श्वास आपोआप बाहेर जाऊ दे, तळपाय जमिनीला टेकलेत हे जाणव आणि मग बोल. मी कॉलेजात एकांकिका करायचे तेव्हा माझाही आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जायचा नाही, सगळे सांगायचे पोटातून बोल, आणि मी पोट आवळून अजूनच घशातून बोलायचे. थांबायला मला कोणी सांगितलंच नव्हतं, ते पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

अजून दोन गोष्टी शरीराच्या नकाशातल्या. तुझं डोकं साधारण पाच किलोचं आहे. पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उभी राहा आणि मग हात लांब करून धर, मोबाईलमध्ये मान घालून बसलो की मानेमागच्या स्नायूंना हेच दुसरं काम दिवसभर करावं लागतं. आणि हे डोकं मानेवर कुठे टेकतं माहितीये? सगळे मानेच्या मागे खाली हात लावतात, पण ते साधारण दोन कानांच्या मधे, इतकं वर आहे. तिथून हळूच "हो हो" म्हणल्यासारखं डोकं हलवून बघ. दुसरं म्हणजे वाकताना कमरेतून वाकू नकोस, जांघेतून वाक, भात लावणाऱ्या बायका वाकतात तसं.

लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धं बूड टेकवून, पर्स पोटाशी धरून, अंग चोरून बसावं लागतं हे मला माहितीये, तिथे सरळ बसण्याचा आग्रह धरू नकोस. गर्दीत बाईने अंग चोरणं हे स्वतःला जपणंच आहे. सातवीतली तू पण तेच केलंस, चिडवणाऱ्यांपासून लपलीस, तुझ्या शरीराने तेव्हा तुला सांभाळलं. फक्त लोअर परळला उतरून जिना चढताना एकदा आठव की आता डबा मागे राहिला, पर्स पोटावरून काढली तरी चालेल. घरी गेल्यावर चटईवर उताणी पड, डोक्याखाली दोन पुस्तकं, गुडघे वर, पावलं जमिनीवर, १५ मिनिटं. काही करायचं नाही, झोपायचंही नाही, पाठ कुठे कुठे टेकतेय तेवढं बघायचं. हे रोज कर, बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

मैत्रिणीने सांगितलेल्या पोजबद्दल स्पष्टच सांगते. ही कल्पना ज्या अभ्यासातून आली तो २०१० चा, फक्त ४२ लोकांवरचा. पुढे २०१५ मध्ये २०० लोकांवर करून पाहिला तर हार्मोन्स काही बदलले नाहीत, फक्त आपण जास्त दमदार आहोत असं लोकांनी स्वतः सांगितलं, आणि २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या एका लेखिकेनेच यावर आता माझा विश्वास नाही असं जाहीर केलं. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा गं, पण छाती काढून मीटिंगला गेलीस आणि श्वास अडकलेलाच असेल तर आवाज कसा निघणार. पट्टा तू घेऊच नकोस. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखव, केईएमसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलातही फिजिओथेरपी मिळते.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, सतत वाकून बसतो, एक खांदा वर दिसतो. आतापासूनच पट्टा लावावा का? (एक वडील, लालबाग)

उत्तर : खांदा वर दिसतो म्हणालात ते आधी बघू. त्याचा शर्ट काढून, पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि तुम्ही मागून पाठ बघा. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उंच दिसल्या तर याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, मणक्याला बाजूला बाक असेल तर तो नेमका वाढीच्या वयात वाढू शकतो आणि अशा वेळी लागणारा पट्टा डॉक्टर मापाने बनवून देतात, दुकानातला चालत नाही. पाठ सारखी दिसली तरी खांद्याचा फरक एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि त्यांनी सगळं ठीक सांगितलं तर पट्ट्याचे पैसे वाचवा, त्याला ग्राउंडवर पाठवा. तुमच्यापासून शिवाजी पार्क काही लांब नाही, तिथे मल्लखांब शिकवतात, लाकडावर उलटं लटकताना आपलं अंग कुठे आहे हे पोराला आपसूक कळतं. मल्लखांब नको असेल तर पोहणं, कबड्डी, काहीही. आणि घरात त्याला "नीट बस" म्हणायचं महिनाभर बंद करा, त्याऐवजी दर अर्ध्या तासाला पाणी आणायला उठवा.